घरचा वाय-फाय राउटर कसा पारखावा: खोक्यावरचा आकडा आणि खोलीतला वेग

राउटरच्या खोक्यावर ३००० मेगाबिट छापलेलं असतं, आपण घेतलेलं कनेक्शन ३०० मेगाबिटचं असतं आणि आतल्या खोलीत फोनवर स्पीड टेस्ट केली की ४० दिसतात. यातला एकही आकडा खोटा नसतो, कारण तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. राउटर पारखायचा म्हणजे हा वेग वाटेत कुठे कुठे गळतो ते शोधायचं आणि त्यातली कोणती गळती या यंत्रामुळे होते ते ठरवायचं. हे काम कुणालाही जमतं. हवा थोडा वेळ, एक लॅपटॉप, एक चांगली केबल आणि आकडे टिपायला एक वही.

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल उतरवताना संगणक बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या लाइनीवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास उतरत असेल, तर सगळं ठीक आहे.

पहिली पायरी: लाइन कोणती आहे ते बघा

मोडेम आणि राउटर ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरून येणाऱ्या तारेवरचा सिग्नल समजून घेणं हे मोडेमचं काम. ते एक कनेक्शन घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देणं हे राउटरचं. वाय-फाय ही तिसरी गोष्ट. बाजारात तिन्ही एकाच डब्यात मिळतात, म्हणून नवीन माणूस त्यांना एकच समजतो आणि चुकीचा डबा घरी आणतो.

टेलिफोनच्या तारेवरून नेट येत असेल तर डीएसएल मोडेम लागतो. त्यातही जुनं एडीएसएल २ प्लस जास्तीत जास्त २४ मेगाबिटपर्यंत जातं, व्हीडीएसएल २ त्याच्या कितीतरी पुढे. पण दोन्हींचा वेग तार किती लांबून आली आहे यावर ठरतो. टीव्हीच्या जाड केबलवरून येत असेल तर डॉक्सिस (त्या केबलवरून नेट देण्याचं मानक) ३.० किंवा ३.१ चा मोडेम. फायबर असेल तर भिंतीवर ओएनटी नावाची डबी बसवलेली असते. मोडेमचं काम तीच करते, आणि तुम्हाला फक्त राउटर घ्यायचा असतो. फायबरच्या घरात डीएसएल मोडेम राउटर घेतला तर त्याच्या मोडेमवर खर्च केलेले पैसे वाया जातात.

खरेदीआधी सेवा देणाऱ्या कंपनीला विचारायचं ते असं: लाइनीचं तंत्रज्ञान कोणतं, स्वतःचं यंत्र चालतं का, पीपीपीओई (लाइनीवर लॉगिन करण्याची पद्धत) चं नाव आणि पासवर्ड लागतो का, राउटरमध्ये भरायचा व्हीलॅन क्रमांक आहे का, आणि कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे फक्त मोडेमचं काम करेल असा, टाकता येतो का. शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. कंपनीचा डबा राउटर म्हणून चालूच राहिला आणि त्याच्यामागे तुम्ही आपला राउटर लावला, तर घरातल्या उपकरणांच्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात भाषांतर (एनएटी) दोनदा होतं. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण ऑनलाइन खेळ, घरचा कॅमेरा बाहेरून बघणं, ऑफिसचं व्हीपीएन अशा ठिकाणी अडचणी येऊ शकतात.

दुसरी पायरी: खोक्यावरचं वाचायला शिका

एएक्स ३००० या नावाचं गणित साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर २४०२, बेरीज २९७६, ती गोल करून ३०००. पण तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या काही उपयोगाची नाही. त्यातही २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल (पट्ट्यातला एक भाग) आणि दोन प्रवाह (एकाच वेळी समांतर जाणारे सिग्नल) धरून काढलेला आहे. बरेच फोन ८० मेगाहर्ट्झवरच जोडले जातात, तिथे तो १२०१ होतो. हाही झाला जोडणीचा वेग. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच जण बोलू शकतो आणि बराचसा वेळ आपापसातल्या समन्वयात जातो, म्हणून प्रत्यक्ष हाती साधारण निम्मा ते दोन तृतीयांश वेग पडतो. राउटरजवळ उभं राहून एवढं मिळालं तर यंत्र चांगलं चाललंय असं समजा.

पिढ्यांची नावं २०१८ पासून सोपी झाली. वाय-फाय ४ म्हणजे २००९ चं ८०२.११ एन, वाय-फाय ५ म्हणजे एसी, वाय-फाय ६ म्हणजे एएक्स. ६ई मध्ये ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा आला आणि वाय-फाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. माझं मत स्पष्ट आहे: काही शे मेगाबिटच्या कनेक्शनसाठी नीट बनवलेला, दोन प्रवाहांचा वाय-फाय ६ राउटर पुरतो. वाय-फाय ७ चा फायदा घ्यायला फोन आणि लॅपटॉपही त्या पिढीचे लागतात. ते नसतील तर तोच खर्च दुसऱ्या खोलीत केबल नेण्यावर करा, त्याचा फरक रोज दिसेल.

खोक्यावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र पोर्टची. १०/१००/१००० असं लिहिलं असेल तर पोर्ट गिगाबिटचा. फक्त १०/१०० असेल तर वाय-फाय कितीही जलद असो, बाहेरून येणारा वेग १०० च्या आतच अडकणार. एसी १२०० म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त राउटरमध्ये नेमकं हेच असतं: हवेत ८६७ चा दावा आणि मागे १०० चा पोर्ट. १०० मेगाबिटपेक्षा जास्त वेगाचं कनेक्शन असेल तर असा राउटर हातातही घेऊ नका. आणि कनेक्शनच गिगाबिटच्या वर असेल तर निदान एक २.५ गिगाबिटचा पोर्ट बघून घ्या.

अँटेनांची संख्या मोजून काही कळत नाही. चार दांडे असलेला राउटर दोनच प्रवाहांचा असू शकतो.

तिसरी पायरी: आधी तारेने मोजा

नवीन राउटर आला की सगळे पहिल्यांदा फोनवर टेस्ट करतात. मी आग्रहाने सांगेन, तसं करू नका. तारेवरचा आकडा हातात नसेल तर हवेतल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, कारण दोष लाइनीचा की वाय-फायचा हे कळतच नाही.

कॅट ५ई किंवा त्यावरची केबल घ्या, लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला (घरातल्या उपकरणांसाठीच्या) जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातली बाकी डाउनलोडं थांबवा. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट गिगाबिटचा आहे ना, तेही तपासा. मग स्पीड टेस्ट तीन-चार वेळा चालवा आणि मधला आकडा लिहा, सर्वात मोठा नको. हेच सकाळी आणि पुन्हा रात्रीच्या गर्दीच्या वेळी करा. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री निम्मा येत असेल तर बहुधा बाहेरच्या लाइनीवर गर्दी होते आहे, त्याला राउटर बदलणं हा उपाय नाही.

गिगाबिटच्या जोडणीवर सगळं नीट असेल तर टेस्ट ९४० च्या आसपास थांबते, १०० च्या जोडणीवर ९४-९५ ला. म्हणून तुमचं कनेक्शन ३०० चं असताना आकडा प्रत्येक वेळी ९४ वर येऊन अडत असेल तर वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे. संशय आधी केबलवर घ्या. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार आत तुटलेली असली तरी नेट चालू राहतं, फक्त वेग गुपचूप १०० वर येतो. केबल बदलून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि त्याआधी राउटरला नावं ठेवणं अन्यायाचं आहे.

शक्य असेल तर लॅपटॉप थेट ओएनटी किंवा ब्रिज मोडमधल्या मोडेमला जोडूनही एकदा मोजा. थेट जोडल्यावर ५००, राउटरमधून ३२० असं काही दिसलं तर राउटरच्या प्रोसेसरला भार झेपत नाही. पीपीपीओई वर चालणाऱ्या जलद लाइनीवर, किंवा पालकांचं नियंत्रण आणि वापराची मोजदाद अशा सोयी चालू केल्यावर, हलक्या राउटरमध्ये हे होतं. त्या सोयी बंद करून पुन्हा मोजा, म्हणजे नेमकं कारण लगेच कळेल.

डीएसएलवाल्यांना इथे एक जास्तीचं काम आहे. मोडेमच्या स्टेटस पानावर सिंक रेट, एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्यातली शिल्लक) आणि अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती क्षीण झाला) हे आकडे दिसतात. सिंक रेट म्हणजे मोडेमने पलीकडच्या यंत्राशी ठरवलेला वेग; त्याच्या वर काहीही मिळणार नाही. मार्जिन साधारण ६ डेसिबलच्या आसपास किंवा वर राहिलं तर लाइन टिकते, फार खाली गेलं की तुटत राहते. दोन मोडेमची तुलना करायची तर एकाच लाइनीवर, एकाच सॉकेटला, सलग काही दिवस लावून करा: कोणता जास्त वेगाला सिंक होतो आणि कोणता न तुटता टिकवून धरतो. मी टिकणाऱ्याच्या बाजूने कौल देईन, वेग थोडा कमी असला तरी.

चौथी पायरी: आता हवेतला वेग

आधी राउटरची जागा. घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्यावर. कपाटात, टीव्हीच्या मागे, आरशाशेजारी, पाण्याच्या टाकीजवळ किंवा माशांच्या पेटीमागे ठेवला तर सिग्नल धातू आणि पाण्यात अडतो. उभ्या अँटेनाचा सिग्नल आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेने फार कमी जातो. तेव्हा एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्या ठेवा; खोल्यांकडे रोखून धरल्यासारख्या वळवू नका. वरचा मजला असेल तर एखादी आडवी करून बघा.

पारखण्यापुरती २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे आपण कशावर आहोत ते कळेल. मग घराचा कच्चा नकाशा काढून त्यावर रोजच्या बसण्याच्या जागा खुणा करा. पहिलं मोजमाप राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नको. मग एकेक जागा. उपकरण एकच ठेवा, कारण जुना फोन आणि नवा लॅपटॉप यांचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

प्रत्येक जागी डाउनलोड, अपलोड, पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) आणि सिग्नलची ताकद लिहा. ताकद डीबीएम मध्ये असते आणि उणे असते: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात, उणे ७५ च्या खाली कुरबुरी, उणे ८० च्या पलीकडे आशा सोडायची. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, म्हणून दिसायला छोटा फरकही मोठा असतो. अँड्रॉइडवर हे दाखवणारी मोफत ॲप्स आहेत. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा समोर येतो.

५ गिगाहर्ट्झ जवळून खूप जलद असतं आणि भिंतींमध्ये लवकर मरतं; २.४ हळू असतं पण लांब पोचतं. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे ५ चा आकडा २.४ पेक्षाही खाली गेला तर तो राउटरचा दोष समजू नका, कुठल्याही राउटरचं तिथे कमीजास्त तसंच होईल. तुलना करताना खरी कसोटी मधल्या जागांवर लागते, एका भिंतीपलीकडे. जवळ सगळेच राउटर चांगले दिसतात.

चॅनेलबद्दल थोडं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं बहुतेक ठिकाणी तीनच, १, ६ आणि ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे इथेच गर्दी करतात. ओव्हन चालू असतानाच नेट अडखळत असेल तर ५ वर जा. ५ मधली काही चॅनेलं रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला ते चॅनेल सोडावं लागतं, आणि अशा चॅनेलवर सुरू होण्याआधी तो निदान मिनिटभर ऐकत थांबतो. विमानतळाजवळ किंवा हवामान केंद्राजवळ राहणाऱ्यांचं वाय-फाय अधूनमधून गायब होतं ते बऱ्याचदा यामुळे.

बाहेरच्या लाइनीचा संबंधच तोडून फक्त वाय-फाय मोजायचं असेल तर आयपर्फ ३ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. एक संगणक तारेने राउटरला जोडून त्यावर तो सर्व्हर म्हणून चालवायचा, दुसऱ्या लॅपटॉपवरून वाय-फायने त्याला जोडायचं. जो आकडा येईल तो निव्वळ राउटर आणि हवेचा. दोन राउटरमधून एक निवडायचा असेल तर यासारखी चाचणी नाही.

पाचवी पायरी: राउटरला ताण द्या

बहुतेक लोक वेग मोजून थांबतात, आणि घरातल्या खऱ्या तक्रारी मात्र वेगाच्या नसतातच. ‘भाऊने फोटो चढवायला लावले की माझा कॉल अडकतो’ ही तक्रार ५०० मेगाबिटच्या घरातही ऐकू येते. कारण असं: अपलोडची वाट भरली की राउटर किंवा मोडेम पुढचे पॅकेट रांगेत साठवतो. अपलोड १० मेगाबिटचं असेल आणि रांगेत १ मेगाबाइट माल साठला, तर ती रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या कॉलचा आवाजही त्याच रांगेत मागे उभा असतो. याला बफरब्लोट म्हणतात.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉप तारेने जोडा, कमांडच्या खिडकीतून ८.८.८.८ ला (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) सतत पिंग लावा. शांत असताना समजा १५ मिलिसेकंद येतात. आता मोठी फाइल अपलोडला लावा आणि पिंगकडे बघत राहा. २०-३० वर गेलं तर उत्तम. १०० च्या पुढे गेलं तर कॉल आणि खेळांना त्रास होणार. ३००-४०० दिसले तर तो राउटर त्या लाइनीवर मला तरी चालणार नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. मग हेच डाउनलोड चालू ठेवून करा.

उपाय राउटरमध्येच शोधायचा. सेटिंगमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक (ही रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयींची नावं) यापैकी काही असेल तर चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा. वेगातला थोडा वाटा जातो, पण घरात चौघं एकाच वेळी नेट वापरत असताना कुणाचंच अडत नाही. नुसतं ‘क्यूओएस’ (कोणत्या वापराला प्राधान्य द्यायचं ती सोय) असं लिहिलेलं असेल तर ते चालू करून पुन्हा मोजा. काही राउटरमध्ये त्याने फरक पडतो, काहींत फक्त नावापुरतं असतं.

वाय-फायवर पिंग उड्या मारत असेल तर दोन खिडक्या उघडा: एकीत बाहेरचा पत्ता, दुसरीत राउटरचा स्वतःचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरचंच पिंग उडत असेल तर अडचण हवेत आहे. ते स्थिर आणि बाहेरचं उडतंय, तर रांगेत किंवा लाइनीत.

शेवटी आठवडाभर राउटर बंद-चालू न करता वापरा. घरातली सगळी उपकरणं जोडा, दिवे आणि कॅमेरेही (त्यातले पुष्कळसे फक्त २.४ वर चालतात, जोडले जातात का ते इथेच कळेल). स्टेटस पानावरचा अपटाइम बघा. तुम्ही हात न लावता तो शून्यावर आला असेल तर राउटर स्वतःच पुन्हा सुरू झाला आहे. कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल इतका तापणं ठीक नाही. दर दोन-तीन दिवसांनी बंद करून चालू करावा लागणारा राउटर परत करण्याच्या लायकीचा आहे; ‘राउटर असेच असतात’ हे कुणी सांगितलं तर मानू नका.

सुरक्षितता: इथे तडजोड नको

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले ठरीव पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते म्हणून. तेव्हा पहिल्याच दिवशी ॲडमिन पासवर्ड बदला. वाय-फायला डब्ल्यूपीए ३ हे सुरक्षा मानक निवडा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए २ आणि ३ मिश्र. डब्ल्यूपीएसचा (पासवर्डशिवाय उपकरण जोडण्याची सोय) पिन बंद करा, त्यातली उणीव २०११ पासून जाहीर आहे: आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि ११,००० प्रयत्नांत सापडतो. बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवा. कॅमेरे, दिवे, पाहुणे यांना गेस्ट नेटवर्क द्या.

खरेदीआधी उत्पादकाच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधीचं आहे ते पाहा. दोन वर्षांत एकही अपडेट नसेल तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी सोडून द्या. आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर बाहेरून वापरायचा असेल तर राउटरच्या वॅन पत्त्याकडे (बाहेरच्या लाइनीवर त्याला मिळालेला पत्ता) नजर टाका. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एक सार्वजनिक पत्ता वाटून दिला आहे आणि राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) बाहेरून चालणार नाही. तिथे आयपीव्ही ६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) मिळतं का ते कंपनीला विचारा, राउटर बदलून काही होणार नाही.

मग ठरवा

वही समोर घ्या. तारेवर वेग पूर्ण, जवळ वाय-फाय चांगलं, फक्त लांबच्या खोलीत कमी: राउटर ठेवा आणि तिथे केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट (तारेवरून वाय-फाय देणारं यंत्र) लावा. केबल नेणं अशक्यच असेल तर मेश (एकमेकांशी वाय-फायने जोडलेल्या यंत्रांचा संच), त्यातही आपापसात बोलायला वेगळा पट्टा असलेला. साधा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. संदेश आणि बातम्यांपुरता तो चालेल. तारेवरही वेग कमी आणि थेट जोडल्यावर पूर्ण: राउटर बदला. थेट जोडल्यावरही कमी: वहीतले वेळेसकटचे आकडे घेऊन कंपनीशी बोला, ‘नेट स्लो आहे’ यापेक्षा त्यांना ते टाळणं अवघड जातं.

ही सगळी तपासणी परत करण्याच्या मुदतीच्या आत उरका. खोकं, अडॅप्टर, केबल जपून ठेवा. आणि परत द्यायचाच ठरला तर मागचं रिसेटचं बारीक बटण सहसा दहाएक सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरा, कारण तुमचं पीपीपीओई नाव, वाय-फायचा पासवर्ड आणि जोडलेल्या उपकरणांची नावं तोवर त्या डब्यातच असतात.